इंजिन दमतं कशानं

फळ्यावर इंजिन काढायला मला दोन मिनिटं लागतात. सिलिंडर, दट्ट्या, दोन झडपा आणि वरती ठिणगीचा प्लग. हवा आत घ्या, दाबा, पेटवा, धूर बाहेर सोडा. अठरा वर्षं मी हेच शिकवत आले आणि मुलांनी ते लिहून मार्कही मिळवले. पण खऱ्या गाडीचं बॉनेट उघडायला कुठली कडी ओढायची हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं, तेही दुसऱ्याची जुनी गाडी विकत घेतल्यावर. मुलांना हे मी अजून सांगितलेलं नाही.

मी डोणगावला वडिलांजवळ राहते आणि मेहकरच्या शाळेत विज्ञान शिकवते. इतकी वर्षं एसटी, काळीपिवळी, नाहीतर कुणाच्या तरी मोटारसायकलच्या मागे बसून गेली. गाडी घ्यायची तर ओळखीच्या माणसाचीच घ्यायची, असं मनाशी ठरवलं होतं, कारण अनोळखी माणसाने फसवलं तर भांडायलाही कुणी सापडत नाही.

मिळाली ती सरांची. सर म्हणजे आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. मी त्यांच्याच वर्गात शिकले आणि पुढे त्यांच्याच हाताखाली नोकरीला लागले. ऑफिसात बसल्या बसल्या नुसत्या गलक्यावरून कुठल्या वर्गावर मास्तर नाही हे त्यांना समजायचं, आणि शिपाई थेट त्याच वर्गाच्या दारात उभा राहायचा. गाडीही ते कानानेच चालवत. गिअर बदलताना त्यांनी काट्याकडे पाहिलेलं मला आठवत नाही. पण काचबिंदूने त्यांची नजर कडेकडून बंद होत आली आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली.

त्यांचा मुलगा नाशिकला असतो. आईवडिलांनी मेहकरचं घर सोडून आपल्याकडे यावं म्हणून तो दोन वर्षं मागे लागला होता. सर काही दाद देत नव्हते. गाडीची किल्ली माझ्या हातात देताना ते म्हणाले, "डोळे चालले बेटा, पण डोकं जागेवर आहे. ज्या दिवशी माझा अंदाज चुकाले लागला, त्या दिवशी मीच त्याले फोन करतो, ये म्हणून."

"अन् तो दिवस काही येत नाही," सरांच्या पत्नी, आमच्या काकू, आतून म्हणाल्या.

गाडीबद्दल सर एकच वाक्य बोलले. "इंजिनात खोट नाही. नऊ वर्षं ऐकून राह्यलो मी."

आमच्या घरात नारळ, लिंबू, मिरची यातलं काही चालत नाही. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच ते सगळं उंबऱ्याबाहेर गेलं. शेजारणीने टायरखाली ठेवायला चार लिंबं आणून दिली, त्यांचं आम्ही सरबत करून तिलाच पाजलं. वडिलांनी मात्र आपल्या परीने गाडीचं स्वागत केलं. घरालगतच्या टिनाच्या शेडमध्ये वखर, फवारणीचा पंप आणि पेरून उरलेल्या हरभऱ्याची पोती होती. ती सगळी भिंतीला सरकवून त्यांनी गाडीपुरती जागा केली. उन्हात ठेवायची नाही आणि दवातही ठेवायची नाही, असा त्यांचा हुकूम होता. संध्याकाळी मी शेडमध्ये गाडी लावली की माझं काम संपायचं. पुढचं पुसणं, झाकणं, सकाळी उघडणं हे त्यांच्याकडे.

पहिले तीन आठवडे गाडी उत्तम चालली. हे वाक्य पुढे गाडीच्या नोंदींसाठी केलेल्या वहीत माझ्याच अक्षरात आहे. पुढचा सगळा गोंधळ मी त्याच्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे झाला.

डिसेंबरातल्या एका सकाळी मेहकरच्या अलीकडच्या चढावर गाडी ढेपाळली. बंद पडली नाही, धूर सोडला नाही. पाय दाबावा तर नुसती घुमत होती आणि पुढे जायला तयार नव्हती. कापसाने फुगलेला एक टेम्पो मला मागे टाकून गेला. वर बसलेल्या माणसाने मान वळवून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

खरं सांगायचं तर मला राग आला नाही, मजा वाटली. आयुष्यभर पुस्तकात पाहिलेलं इंजिन आता माझ्यासमोर काहीतरी करत होतं आणि ते का करतं हे मला माहीत नव्हतं. मी शाळेतला एक जुना कोरा हजेरीपट वही म्हणून घेतला आणि मुलांच्या नावांच्या जागी लक्षणं लिहायला लागले. वेळ कोणती, थंडी किती, चढ की सपाट, गाडीत माणसं किती, पेट्रोल कुठं भरलं. आठवडाभर मी इतक्या उत्साहाने नोंदी केल्या की स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाटलं, मी पीएचडी करतेय.

नोंदींतून काही गोष्टी दिसल्या. सपाटीला गाडी बरी असायची, चढाला दमायची. एक माणूस जास्त बसला की जास्त दमायची. दर दिवशी आदल्या दिवसापेक्षा थोडी वाईट असायची. दुसऱ्या आठवड्यात समोर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागला आणि राहिला. शिवाय एक विचित्र गोष्ट होती. वळणावर बॉनेटच्या डाव्या बाजूला आत काहीतरी घरंगळल्यासारखं वाजायचं. लोखंडाचा आवाज नव्हता तो. थांबून, बॉनेट उघडून, कान लावून पाहिलं तर काहीच नाही. मी लिहून ठेवलं, "वळणावर खळखळ, कारण अज्ञात," आणि खाली दोन रेघा मारल्या.

गावात ज्याला त्याला कारण माहीत होतं. पेट्रोलमध्ये भेसळ आहे, पंप बदला. समृद्धी महामार्गावर नेऊन एकदा दाबून पळवा, छाती मोकळी होईल. शेजारीण काही बोलली नाही, फक्त टायरकडे पाहून गेली.

शेवटी मेहकरच्या एका गॅरेजात दाखवली. त्याने प्लग बदलले, पेट्रोलची नळी साफ केली, संगणक जोडून काहीतरी वाचलं. एक फेरी मारून आला आणि हात पुसत म्हणाला, "मॅडम, इंजिन बसलं हाय. पूर्ण खोलावं लागते. हे काही आजचं दुखणं नाही. विकणाऱ्याले माहीत असनच."

मी त्याला वही दाखवली, वळणावरच्या खळखळीबद्दल विचारलं. "जुनी गाडी हाय, वाजतेच," तो म्हणाला. मी पुढे काही विचारलं नाही. इतके दिवस शोधत होते ते उत्तर मला मिळालं होतं आणि त्या उत्तरात माझी काहीच चूक नव्हती. असं उत्तर मिळालं की माणूस पुढे तपासत नाही, हे मी मुलांना दरवर्षी सांगते.

माझा राग तसा उशिरा येतो, पण आला की तोंडावर ताबा राहत नाही. गॅरेजातून निघाले ती सरळ सरांच्या घरी गेले. सर अंगणात खुर्चीवर बसले होते. मी बसलेसुद्धा नाही.

"सर, इंजिन बसलंय म्हणतात. जुनं दुखणं आहे म्हणे. तुम्हाला माहीत होतं का?"

सर चकित झाले. "मले तर कधी तसं ऐकू आलं नाही बेटा."

"मग तुम्हाला ऐकू येत नसेल," मी म्हणाले.

हे मी बोलले. कुणी माझ्या तोंडून बोलवून घेतलं नव्हतं. ज्या माणसाची नजर जात होती आणि जो आपल्या कानाच्या भरवशावर घर धरून बसला होता, त्याला मी हे म्हणाले, आणि म्हणताना ते कुठं लागणार आहे हेही मला ठाऊक होतं.

मला वाटलं सर चिडतील, वर्गात चिडायचे तसे. ते चिडले नाहीत. म्हणाले, "हो. असू शकते." मग म्हणाले, "गाडी परत आणून दे. मी ठेवून घेतो." मी नको म्हणाले, तेही तोऱ्यात, आणि निघून आले. त्यानंतर पंधरा दिवस मी त्यांच्या घरावरून जाताना मान वळवली नाही.

इंजिन खोलायला मन धजत नव्हतं. पण एका रविवारी गाडी शेडमधून रस्त्यावर यायलाच कुरकुर करायला लागली, तेव्हा ती तशीच रेटत गावातल्या ट्रॅक्टरच्या मिस्त्रीकडे नेली. म्हातारा माणूस. त्याने आधीच बजावलं, "कारचं मले जास्त समजत नाही. पण तुम्ही म्हणता दम लागते, त पयले नाक पाहू. ट्रॅक्टर शेतात धूळ खाते, त्याचं नाक बसलं की त्याले असाच दम लागते."

नाक म्हणजे एअर फिल्टर. इंजिनात जाणारी हवा गाळणारी कागदाची जाळी, काळ्या प्लास्टिकच्या डब्यात बसवलेली. डबा डाव्या बाजूला होता. मिस्त्रीने त्याच्या चार क्लिपा काढल्या, झाकण उचललं आणि मागे सरकला. डब्यातून हरभरे खाली सांडले. दोन-चार नाही, ओंजळी ओंजळीने. टपटप करत ते रस्त्यावर उड्या मारत गेले. उरलेला डबा तागाच्या धाग्यांनी गच्च भरला होता, आणि फिल्टरचा कागद अर्धा कुरतडून त्याच धाग्यांत विणलेला होता. जवळच्या एका वायरीवरचं प्लास्टिकही सोललेलं होतं.

मिस्त्रीने एक हरभरा उचलला, पुसला आणि दाताखाली फोडला. "डॉलर हाय," तो म्हणाला.

मी रस्त्याच्या कडेला बसून हसायला लागले. वळणावरची खळखळ, चढावरचा दम, रोज थोडं थोडं वाढत जाणं, सगळं त्या डब्यात होतं. उंदरांनी गरम जागा पाहून घर केलं होतं आणि हिवाळ्याची बेगमी भरून ठेवली होती. डबा जसजसा भरत गेला तसतशी इंजिनाला हवा कमी पडत गेली. हवा नाही तर पेटणार काय, हे तर माझ्याच फळ्यावरचं पहिलं वाक्य होतं. इतकं सुंदर उत्तर मी गेल्या कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

मग हसणं थांबलं. सरांकडे एक गुंठासुद्धा शेत नाही. पांढरा, टपोरा डॉलर हरभरा आमच्या शेडमधल्या पोत्यात होता. तागाचे धागे आमच्या पोत्यांचे होते. आणि पहिले तीन आठवडे गाडी उत्तम चालली होती. सर खरं बोलले होते, त्यांनी खरंच नऊ वर्षं ऐकलं होतं.

नवा फिल्टर मेहकरहून आणावा लागला. मिस्त्रीने सोललेली वायर नीट केली, आणि गाडी अशी ओढायला लागली की मला पाय उचलावा लागला.

घरी आले तर वडील शेडमध्येच होते. मी ओढणीत बांधून आणलेले हरभरे त्यांच्यापुढे ठेवले आणि सगळं सांगितलं. त्यांनी भिंतीलगतच्या पोत्यांकडे पाहिलं. मग ते सांगायला लागले. दवाचे दिवस सुरू झाल्यापासून रोज संध्याकाळी ते हरभऱ्याची चार रिकामी पोती बॉनेटवर घालत होते आणि माझ्या उठण्याआधी काढून ठेवत होते. पोत्यांत खाली थोडे दाणे राहतात, ते कोण झटकतं.

"जनावराले थंडी वाजते, त मशीनले वाजत नसन का?" ते म्हणाले. "बैलावर झूल टाकली त बैल अंग झाडते, शेपूट मारते, उंदीर फिरकत नाही. हे नुसतीच उभी राह्यते माय. मले काय माहीत."

मला त्यांच्यावर ओरडता आलं नाही. झाकलेली गाडी मी किती वेळा पाहिली होती आणि मला ते गोड वाटलं होतं. वहीत थंडीचा रकाना होता, पेट्रोलचा होता, माणसांचा होता. शेडचा नव्हता.

"गुरुजीले काय म्हटलं तू?" त्यांनी विचारलं. मी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ते उठले, पायात चपला घातल्या आणि म्हणाले, "चाल. मी येतो संगं."

सरांच्या दारात पोचलो तेव्हा दार उघडंच होतं. आत ओट्यावर दोरीने बांधलेले खोके होते. भिंतीवरच्या फोटोंच्या जागी चौकोन राहिले होते. काकू भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. मला काही कळेना, पण वडील थांबले नाहीत. सरांसमोर जाऊन हात जोडून म्हणाले, "गुरुजी, गाडी तुमची चांगलीच होती. झूल मी टाकली तिच्यावर. उंदरायनं हरभरा भरला नाकात."

सर आधी गोंधळले, मग मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. ते खुर्चीत पुढे सरकून ऐकत होते, एखादा हुशार मुलगा ऐकतो तसे, मध्येच प्रश्न विचारत. डबा कुठल्या बाजूला? दाणे किती भरले होते? हरभरा कोणता?

"डॉलर," वडील म्हणाले.

"मोठा असते तो. म्हणून वळणावर वाजला," सर म्हणाले आणि मोठ्याने हसले. काकूंनी हातातलं भांडं खाली ठेवून त्यांच्याकडे पाहिलं.

मी माफी मागितली. नीट, पूर्ण वाक्यांत मागितली, कारण बोललेही तशीच होते. आणि मग खोक्यांकडे बघून विचारलं, "हे काय चाललंय सर?"

"जातो आम्ही नाशिकले," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. "तू गेलीस त्या दिवशी मी विचार केला, नऊ वर्षं ऐकून मले इंजिन समजलं नसन, त मग मले समजते तरी काय? तेव्हापासून एकेक गोष्ट तपासून पाहाले लागलो. दारावर कोण आलं ते ओळखून पाहायचं. एक दिवस दूधवाल्याले भाजीवाला म्हटलं. आधीही म्हणत असन, पण आधी मी चुका मोजत नव्हतो. मोजाले लागलो त खूप निघाल्या. मग फोन केला पोराले."

"पण चूक तुमची नव्हतीच. आता नका जाऊ," मी म्हणाले.

"घर भाड्यानं दिलं बेटा. तिकिटं काढली पोरानं. त्याची आई बी खूश आहे." काकूंनी मान खाली घातली होती, त्या खूश होत्या की नाही ते मला दिसलं नाही. मग सर म्हणाले, "अन् आता एकदा शंका शिरली ना, ती निघत नाही. तुझ्या मिस्त्रीले सांग, याच्यासाठी काही क्लिपा असतीन त काढ म्हणावं."

ते स्वतःच हसले. मला हसता आलं नाही. वडीलही हसले नाहीत.

मी एवढंच मागितलं की नांदुऱ्याच्या स्टेशनावर मी सोडणार. चार दिवसांनी सकाळी निघालो. सामान आधीच टेम्पोने गेलं होतं. काकू मागे बसल्या, सर माझ्या शेजारी. मेहकर सुटेपर्यंत ते खिडकीकडे तोंड करून होते, जरी त्यांना बाहेरचं फार दिसत नव्हतं. मग त्यांनी काच वर केली, डोकं किंचित पुढे झुकवलं आणि गाडी ऐकायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू गेला. मला तो जाताना दिसत होता, आणि मला रस्त्याकडे बघणं अवघड जात होतं.

खामगावच्या अलीकडे चढ लागला. मागे एक ट्रक होता, मी सवयीने हात गिअरवर नेला.

"बदलू नको," सर म्हणाले. "ओढते ती."

मी हात काढून घेतला. गाडीने पूर्ण चढ तिसऱ्या गिअरमध्ये, एकदाही न कुरकुरता, पार केला. त्यांचा अंदाज बिनचूक होता. मी तसं त्यांना म्हणाले. ते म्हणाले, "हो का."

त्यांचा स्वतःवर पुन्हा विश्वास बसावा म्हणून मी पुढच्या प्रत्येक चढाला विचारलं, आता बदलू का? ते दर वेळी म्हणाले, "तुले वाटते तसं कर बेटा. तुले दिसते."

नांदुऱ्याला आम्ही तासभर आधी पोचलो. रेल्वे उशिरा यावी असं मला फार वाटत होतं. ती वेळेवर आली.